घरून आणायची कडी

तिचं खरं नाव चर्चच्या मंडळीच्या वहीत कुठंतरी असणार, पण वही उघडून बघायची कोणाला कधी गरज पडली नाही. सगळे तिला भागूबाई म्हणायचे. घाबरट माणसाला आपण भागूबाई म्हणतो ना, तीच ही. तोंडावर म्हटलं तरी तिला राग यायचा नाही. रागवायलाही थोडं धैर्य लागतं, आणि देवानं धैर्य वाटलं त्या दिवशी ही बहुतेक रांगेत सगळ्यांत मागं उभी होती, धक्काबुक्की होईल म्हणून.

पाल, कुत्रा, विजांचा कडकडाट, हे तर झालंच. पण जिथं घाबरायला काही नाही तिथंही ती शोधून काढायची. दारावर थाप पडली की घाबरायची, आणि दिवसभर थाप पडली नाही तर सगळे गेले कुठे म्हणून घाबरायची. इस्पितळाच्या धुलाईघरात ती इस्त्रीवर होती. तिथं एक मोठा गरम रोलर असतो. इकडून ओली चादर घालायची, तिकडून कडक होऊन बाहेर येते. बाकीच्या बायकांच्या हातांवर भाजल्याचे डाग होते. हिच्या हातावर वीस वर्षांत एक नाही.

"भागूबाई, तू रोलरला घाबरतेस की रोलर तुला?" बायका विचारायच्या.

"दोघंही एकमेकांना जपून असतो," ती म्हणायची. घाबरट होती, पण तोंडात जीभ होती.

ही झाली किरकोळ भीती. तिची खरी, मोठी भीती सात वर्षांची होती, तिचे पुढचे दोन दात मोठे होते, आणि ती एका जागी दोन मिनिटं बसत नव्हती. खारूताईसारखी सुळकन इकडून तिकडे, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे.

खारू तिच्या धाकट्या भावाची मुलगी. पोरीची आई ती तीन वर्षांची व्हायच्या आत गेली. भाऊ जहाजावर, इंजिनाच्या खोलीत, वर्षाचे दहा महिने पाण्यावर. भागूबाई एकटीच होती. लग्नालाही ती घाबरली असं लोक म्हणतात, खरंखोटं तिलाच ठाऊक. तर भावानं पोर आणून तिच्या पदरात टाकली, आणि जाताना जिन्यात उभा राहून हसत म्हणाला, "ताई, तुझ्या भरवशावर सोडून चाललोय हं."

तो हसत म्हणाला. हिला मात्र हसू आलं नाही, कारण हे शब्द तिनं आधी एकदा ऐकले होते.

ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि हाच भाऊ चार वर्षांचा. स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघाली होती. आईनं भावाचा हात तिच्या हातात दिला आणि स्वतः झेंडे बघायला पुढं गेली. बँड आला, मागून लोंढा आला, आणि हात सुटला. कधी सुटला, कसा सुटला, ते तिला कळलंच नाही. एका क्षणी हातात हात होता, दुसऱ्या क्षणी आपलीच बोटं आपल्याच मुठीत. तीन तासांनी भाऊ सापडला तो बँडवाल्यांच्या गाडीत, ढोलावर बसून बिस्कीट खाताना. त्याला काही झालं नव्हतं. आईनं हिला मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मार दोन दिवसांत विसरतो. आई फक्त म्हणाली, "तुझ्या भरवशावर सोडलं होतं गं."

त्या दिवसापासून भागूबाई कोणाचा हात धरायची नाही. मनगट धरायची. खारूला रस्त्यानं नेताना अशी पकडायची की पोरीच्या मनगटावर चार बोटं उमटायची. "आत्या, मी पळून नाही चालले," खारू म्हणायची. "तू नाही गं, पण पाय तुझे आहेत ना," आत्या म्हणायची.

आणि मग ती कडी.

भागूबाईचं काम सकाळी सात ते बारा. खारूची शाळा दुपारची. मधले पाच तास पोर घरात एकटी. दार उघडं टाकलं तर ती जिना उतरणार, जिना उतरली तर रस्ता, रस्त्यावर गाड्या, गाड्यांच्या पुढं माणसं, आणि माणसांचा काय भरवसा! म्हणून भागूबाई बाहेरून कडी लावून जायची. जुनं दार, जुनीच कडी. मनगटाएवढ्या जाडीच्या साखळीची नव्हे, पण चांगली लोखंडी, वर चौकटीच्या कोयंड्यात अडकवायची. सुरुवातीला ती कुलूपही घालायची. जिन्याखाली एक किल्लीवाला म्हातारा बसायचा, किल्ल्या घासायचा, कुलपं दुरुस्त करायचा. त्यानं एकदा चष्म्यावरून बघत विचारलं, "भागूबाई, आत आग लागली तर?"

झालं. त्या दिवसापासून कुलूप गेलं आणि घरात पाण्यानं भरलेली एक बादली आली. कडी मात्र राहिली.

"कुलूप काढलंस हे बरं केलंस," म्हातारा म्हणाला. "आता कडीचं काय?"

"आजोबा, तुमचं लक्ष असतंच की."

"माझं लक्ष कुलपावर असतं. पोरी राखायचा धंदा नाही माझा."

असं म्हणायचा खरा, पण त्याचं बसायचं लाकडी खोकं त्यानं सरकवत सरकवत खारूच्या खिडकीखाली आणलं होतं. खारू वरून गाणी म्हणायची, तो खालून कानशीनं ताल धरायचा. कधी ती दोरीला बांधून आपली मोडकी खेळणी खाली सोडायची, तो दुरुस्त करून वर पाठवायचा. हे भागूबाईला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ती दोरीलाही घाबरली असती.

भावाचं पत्र आलं होतं: पुढच्या महिन्यात येतोय. खाली दोन ओळी अजून होत्या. "ताई, पोर सुखात आहे ना? तुला ओझं होत असेल तर सांग, एक चांगलं वसतिगृह आहे म्हणतात." त्या दोन ओळी भागूबाईनं इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटला. ओझं! पोर गेली तर हे घर म्हणजे नुसती बादली नि भिंती. आणि भावाला कडीचं कळलं तर? पोरीला कोंडून ठेवते हे कोणी त्याला सांगितलं तर? तिला दोन्हीकडून भीती. कडी काढली तर पोर हरवेल, नाही काढली तर भाऊ नेईल.

आता इतक्या घाबरट बाईला पाळकीणबाईंनी शब्बाथशाळेचा लहान वर्ग कसा दिला, हे मंडळीतलं एक कोडंच होतं. पाळकीणबाई म्हणजे पाळकसाहेबांची बायको. शाळा त्या चालवायच्या. त्यांचं म्हणणं, लहान मुलांना भागूबाईची भीती वाटत नाही, हीच मोठी गोष्ट. आणि खरंच, रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत बारा पोरं सतरंजीवर बसली की भागूबाई वेगळीच व्हायची. मंडळीतल्या मोठ्यांपुढं तिचं तोंड उघडत नसे. पोरांपुढं बंद होत नसे.

यंदा स्वातंत्र्यदिन नेमका रविवारी आला. पाळकीणबाई म्हणाल्या, "आधी अंगणात झेंडा, मग आत मुलांचा कार्यक्रम. देशाचं स्वातंत्र्य मुलांना शाळेत शिकवतातच. आपण येशूनं दिलेलं स्वातंत्र्य सांगायचं. लहान वर्गाचं तुम्ही बघा. आणि हो, मंडळीपुढं दोन शब्द तुम्हीच बोला."

दोन शब्द! भागूबाईला त्या आठवड्यात भाकरतुकडा गोड लागला नाही.

पण आदल्या रविवारी पोरांना शिकवायला बसली तेव्हा तिला आपोआप सुचत गेलं.

"समजा," ती म्हणाली, "एक माणूस तुरुंगात आहे. राजाचा माणूस आला, दार उघडलं, म्हणाला, जा बाबा, तुझी सुटका झाली. पण हा उठेचना. बाहेर काय असेल, कोण भेटेल, म्हणून घाबरून आतच बसला. तर तो सुटला की नाही सुटला?"

एक जाडा मुलगा म्हणाला, "सुटला. पण बावळट आहे."

"अगदी! आपण सगळे तसेच बावळट. येशूनं दार कधीच उघडून ठेवलंय. किंमत त्यानं स्वतः दिली, जिवानिशी. आणि आपण आत बसून दाराकडे बघत असतो. कोण खोटं बोलायच्या सवयीत बसलेला, कोण रागात, कोण भीतीत."

"मग त्यानं बेडी स्वतःच का नाही काढली?" एका मुलीनं विचारलं.

"हात बांधलेले असतात ना बेटा. आपली बेडी आपल्याला काढता येत नाही. माया करणारं दुसरं कोणी लागतं. म्हणून तर येशू आला."

मग तिनं इस्पितळातले जुने, एका बाजूनं कोरे गुलाबी कागद काढले, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि एकेकाला दिल्या. आपल्याला बांधून ठेवणारी जी गोष्ट असेल ती या पट्टीवर लिहायची. रविवारी पट्ट्या गोल चिकटवून कडीत कडी घालून साखळी करायची, आणि सगळ्यांसमोर ती तोडायची. असा तिचा बेत.

बेडीचं खारूनं ऐकलं होतं, पण पट्ट्या वाटताना ती तिथं नव्हती. ती खळीचा ब्रश धुवायला नळावर गेली होती आणि तिथंच पाण्यात खेळत बसली होती. ती परत आली तेव्हा पट्ट्या वाटून झाल्या होत्या आणि आत्या शेवटचं सांगत होती:

"तर काय करायचं? प्रत्येकानं घरून आपली कडी आणायची. विसरायचं नाही."

खारूचे डोळे मोठे झाले. "घरून कडी? आत्या, खरीच आणायची?"

"मग काय खोटी? खरीखुरी. मनापासून."

"आपलीच लागते का दुसऱ्याची चालते?"

"चालते गं, मायेच्या माणसाची असली तरी चालते. आधी ते हात पूस, झग्याला नको!"

झालं ते इतकंच. भागूबाई त्या वेळी कात्री शोधत होती.

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी ती साडेसहालाच निघाली. झेंड्याला इस्त्री करायचं काम दुसऱ्या कोणाला मिळणार? शिवाय खुर्च्या मांडायच्या, पताका बांधायच्या. अंगणात शिड्या, बांबू, खिळे. तिथं खारूला कशी न्यायची! रस्त्यावर मिरवणुकीची गर्दी. तास-दीड तासाचा प्रश्न. खारूला पांढरा झगा घालून ठेवला, दूध दिलं, म्हणाली, "आठ वाजता येते तुला न्यायला. खिडकीतून वाकायचं नाही."

"आत्या, तू कडी लावणार?"

"लावणार ना."

"बरं," खारू म्हणाली. रोज कुरकुरणारी पोर आज एवढ्या शहाणपणानं बरं म्हणाली, तेव्हाच खरं तर आत्यानं घाबरायला हवं होतं. नेमकी तेव्हाच घाबरली नाही.

आठ वाजता ती परत जिना चढली. किल्लीवाल्याचं खोकं रिकामं होतं. सुट्टी म्हणून नसेल आला. शेवटच्या पायरीवर तिनं वर बघितलं आणि तिचा हात कठड्याला चिकटून बसला.

दार अर्धवट उघडं होतं. आणि दाराला कडी नव्हती. कडी निघाली होती असं नव्हे, तुटली होती असंही नव्हे, कडीच नव्हती. जिथं ती दाराला बसवलेली होती तिथं दोन भोकं, आरपार. भोकांतून घरातला उजेड दिसत होता.

"खारू?"

आत दुधाचा पेला रिकामा. बादली भरलेली, तशीच. खिडकी बंद. पलंगाखाली कोणी नाही, कपाटामागं कोणी नाही. जमिनीवर दोन गंजक्या चाक्या पडल्या होत्या, कडीच्या बोल्टांच्या. त्या आतल्या बाजूला असतात, हे वीस वर्षांत भागूबाईच्या लक्षात आलं नव्हतं. आताही आलं नाही. तिला एवढंच दिसलं, कोणीतरी कडी उपटून पोर नेली.

जिना ती उतरली की घरंगळली, सांगता येत नाही. खाली रस्त्यावर सगळी मिरवणूक. पांढरे कपडे, कागदी झेंडे, बँडचा ढोल. तो ढोल तिच्या छातीतच वाजत होता. चाळीस वर्षं मधून निघून गेली आणि ती पुन्हा दहा वर्षांची होऊन उभी राहिली, आपलीच बोटं आपल्याच मुठीत घेऊन.

ती शाळेकडे पळाली. शाळेच्या अंगणात हजार पोरं. चौकात शिट्टीवाला शिपाई उभा होता.

"साहेब, मुलगी... सात वर्षांची, पांढरा झगा, दोन वेण्या..."

"बाई," शिपाई म्हणाला, "आज सगळ्याच मुली पांढऱ्या झग्यात आहेत. कुठं हरवली?"

"घरातून."

"घरातून कशी हरवेल?"

"कडी लावली होती हो मी! बाहेरून कडी लावली होती!"

शिपायानं तिच्याकडे निरखून बघितलं. "सात वर्षांच्या पोरीला कडी लावून कोंडलं होतं तुम्ही?"

ती तिथून सटकली. पाण्याच्या टाकीपाशी गेली, टाकीत वाकून बघितलं. पाण्यात तिचंच तोंड थरथरत होतं. भाजीच्या बंद गाळ्यांमागं बघितलं. प्रत्येक पांढऱ्या झग्यामागं धावली. तीनदा परक्या पोरींचं मनगट धरलं, तीनदा त्यांच्या आया अंगावर आल्या. एकीनं तर ढकललंच. "देवा," ती धापा टाकत म्हणत होती, "देवा, मला काय हवं ते कर. भावाला नेऊ दे तिला, वसतिगृहात ठेवू दे, मी तोंडही दाखवणार नाही. फक्त ती कुठंतरी बसून बिस्कीट खात असू दे."

नऊ वाजले. चर्चची घंटा झाली.

आता जाऊन सांगायलाच हवं होतं. पाळकसाहेब माणसं पाठवतील, शोधतील. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं: कडीचंही. बारा पोरांना उघड्या दाराची गोष्ट सांगणारी बाई घरी पोर कोंडून येत होती. तिचे पाय चर्चकडे निघाले खरे, पण प्रत्येक पाऊल असं पडत होतं जसं दुसऱ्याच कोणाचं.

ती बाजूच्या दारानं आत शिरली. कार्यक्रम सुरू झाला होता. भागूबाई दिसेना म्हणून पाळकीणबाईंनीच लहान वर्ग पुढं उभा केला होता. बारा पोरं ओळीत, गुलाबी कागदाची साखळी सगळ्यांच्या हातांतून गेलेली, आणि एकेक जण आपली कडी वाचत होता.

"मी गृहपाठ केला नाही तरी केला म्हणतो," जाडा मुलगा म्हणाला.

"मला माझ्या बाळाचा राग येतो. म्हणजे आईच्या बाळाचा."

"मला गणिताची भीती वाटते." यावर मंडळीतले दोन काकाही मान डोलवून गेले.

आणि ओळीच्या शेवटी खारू होती.

भागूबाईनं भिंतीला हात टेकला. खारूच होती. झग्यावर गंजाचा मोठा तांबडा डाग, एक वेणी सुटलेली, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेली लोखंडी कडी. बोल्टांसकट.

पाळकीणबाई वाकल्या. "हे काय गं? तुझा कागद कुठाय?"

"आत्यानं घरून कडी आणायला सांगितली होती," खारू म्हणाली. "खरीखुरी."

मंडळीत हशा पिकला. पाळकीणबाईही हसल्या. "अगं वेडे, ती कागदाची कडी! ही कुठून आणलीस?"

"आमच्या दाराची. आत्या कामाला जाते तेव्हा बाहेरून लावते."

हशा एकदम थांबला. कोणीतरी "बाई गं" म्हणालं. भागूबाईला वाटलं, आता जमीन फाटावी; पण चर्चची जमीन फरशीची होती.

पाळकीणबाईंचा आवाज हळू झाला. "ही कडी तुला बांधून ठेवते, होय?"

"मला नाही," खारू म्हणाली. एवढंही कसं कळत नाही, अशा सुरात. "मी आत गाणी म्हणते. ही आत्याची आहे. आत्या कामावरून पळत पळत येते, तिला दम लागतो, कडी काढताना तिचे हात कापतात. रोज. मी आतून ऐकते ना. आत्यानंच सांगितलं, आपली आपल्याला काढता येत नाही, माया करणारं दुसरं कोणी लागतं. म्हणून मी काढली."

बाहेरचा ढोल तेवढा ऐकू येत होता.

भागूबाई पुढं आली. कशी आली ते तिला कधीच सांगता आलं नाही. तिला "दोन शब्द" बोलायचे होते. ती खरंच दोनच बोलली. खारूच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "हरवली नाहीस?"

"मी कशाला हरवेन? मला रस्ता येतो," खारू म्हणाली. "तूच हरवली होतीस. सगळे तुला शोधत होते."

मग मात्र भागूबाई रडली. मंडळीसमोर, तोंडाला पदर न लावता. पाळकसाहेब उठून आले. भाषण त्यांच्या हातात लिहिलेलं तयार होतं, चार पानांचं. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं, म्हणाले, "आजचा पाठ झाला," आणि पोरांना खूण केली. पोरांनी गुलाबी साखळी टराटरा फाडली. लोखंडी कडी काही फाटेना. जाड्या मुलानं दातांनीही प्रयत्न करून बघितला.

"ती मला द्या," मागून आवाज आला. शेवटच्या बाकावर किल्लीवाला म्हातारा बसला होता, टोपी मांडीवर. या चर्चमध्ये तो जन्मात कधी आला नव्हता. "लोखंड चांगलं आहे. वाया घालवू नका."

भागूबाई वळली. "आजोबा, तुम्ही? तुम्ही इथं कसे?"

"पोरगी एकटी निघाली. कुठं चाललीस विचारलं तर म्हणाली चर्चला, कडी द्यायला. म्हटलं, बघावं कोण कड्या गोळा करतंय. वीस पावलं मागं राहून आलो. तिला कळू दिलं नाही. कळलं असतं तर माझंही मनगट धरलं असतं तिनं, तुमच्या घरची रीत."

"पण चाक्या कशा निघाल्या तिच्यानं?"

"काल दोरी सोडून पकड मागितली तिनं. मी दिली. कशाला, म्हणून विचारायचं माझं काम नाही. माझं काम बंद असेल ते उघडायचं."

बाहेर पडताना पाळकीणबाईंनी भागूबाईला बाजूला घेतलं. तिला वाटलं, संपलं. आता पत्र जाणार भावाला. पण पाळकीणबाई रागावल्या त्या भलत्याच गोष्टीवर.

"आमचं घर इस्पितळाच्या वाटेवर आहे. सकाळी पोर माझ्याकडे सोडून जाता येत नव्हती? चार वर्षांत एकदा विचारलं नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाल, अशी भीती वाटली."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

भागूबाईनं विचार केला. "त्याचीही वाटली असती," ती खरं ते बोलली.

पाळकीणबाई हसू लागल्या. ठरलं असं: नऊपासून खारू पाळकीणबाईंकडे, परतताना त्याच तिला घेऊन जाणार. सात ते नऊ घरी, कारण त्या वेळात पाळकीणबाई आजारी माणसांना भेटायला जातात, आणि खारूलाही आपली खिडकी सोडवत नव्हती. भावाला पत्र भागूबाईनं त्या दुपारी स्वतःच लिहिलं. कडीचं सगळं लिहिलं. लिहिताना अक्षर इतकं हललं की खारूनं विचारलं, "आत्या, तू बसमध्ये बसून लिहितेस का?" तो काय ठरवेल ते देवाच्या हाती, पण आता त्याला कोणी दुसऱ्यानं सांगायचं राहिलं नव्हतं.

संध्याकाळी किल्लीवाला हातोडी घेऊन वर आला. तीच कडी त्यानं दाराला पुन्हा बसवली, पण आतल्या बाजूनं, खारूचा हात पोचेल इतकी खाली. बाहेरची दोन भोकं बुजवायला लाकडाचे दोन तुकडेही आणले होते. खारूनं बुजवू दिली नाहीत.

"आजोबा, आतून लावली आणि आग लागली तर?" भागूबाईनं विचारलं.

"तर पोरगी उघडून बाहेर येईल," म्हातारा म्हणाला. "तिला येतं."

बादली मात्र भागूबाईनं ठेवलीच.

सोमवारी सकाळी ती निघाली. दार ओढून घेतलं आणि सवयीनं हात वर कोयंड्याकडे गेला. तिथं अडकवायला काही नव्हतं. आतून खारूनं कडी लावल्याचा आवाज आला, खळ्ळ. भागूबाई तीन पायऱ्या उतरली, परत वर आली.

"खारू, कोण आलं तर आधी विचारायचं."

"हो."

"किल्लीवाले आजोबा आहेत का बघ खाली."

"आहेत. ते म्हणतायत, भागूबाईला म्हणावं रोलर थंड होईल."

ती पाच पायऱ्या उतरली. पुन्हा वर आली. यावेळी नुसती दारापाशी उभी राहिली. ती काही एका रात्रीत शहाणी होणार नव्हती.

दाराच्या एका भोकातून एक छोटं बोट बाहेर आलं. त्यावर अजून कालचा गंज होता. बोट वळवळलं, इकडे तिकडे शोधत राहिलं. भागूबाईनं आपलं बोट त्याला लावलं. धरलं नाही, नुसतं लावलं.

"जा आता," आतून आवाज आला. "उशीर होतोय."

ती जिना उतरली. किती पायऱ्या होत्या, ते त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मोजलं. एकवीस.